हॉलची किल्ली कोणाकडे? कॉलेजचं सभागृह परिसराला खुलं करताना

आमच्या कॉलेजचं सभागृह बांधून झालं तेव्हा कोनशिलेवर 'परिसरातील कलावंतांस समर्पित' अशी ओळ कोरली होती. पुढची चार वर्षं हॉलची किल्ली ऑफिसातल्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साडेपाचला घरी जाणाऱ्या हेडक्लार्कच्या खिशात. परिसरातले कलावंत मोकळे व्हायचे ते संध्याकाळी सातनंतर. समर्पण कोनशिलेवरच राहिलं.

सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात पडला तेव्हा मी पहिलं काम केलं ते दुसरी किल्ली करून घेण्याचं. मेन रोडला दहा मिनिटांत झाली. ती वापरायची लेखी परवानगी मिळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आणि पुढच्या वर्षांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. ज्यांच्या कॉलेजात असाच एखादा झाकून ठेवलेला हॉल आहे, त्यांच्या उपयोगी पडावं.

नाशिकला नाटक-गाण्याची हौस काही आजची नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं. वसंत कानेटकर हं. प्रा. ठा. कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता नाटकं लिहीत. पण नाट्यगृह म्हटलं की कालिदास नाहीतर साईखेडकर, आणि दोन्ही जुन्या गावात. शहर मात्र पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळपर्यंत पसरलंय. तेव्हा उपनगरातल्या कॉलेजच्या तीनशे खुर्च्यांच्या हॉलने कालिदासशी स्पर्धा करायला जाऊ नये. त्याचं काम वेगळं आहे, आणि ते काय हे मलाही सुरुवातीला कळलं नव्हतं.

आधी महिनाभर नुसतं लिहून काढा

'हॉल रिकामा नसतो हो,' हे वाक्य प्रत्येक कॉलेजात ऐकू येतं. शंभर पानी वही घ्या आणि रोज चार रकाने भरा: हॉल कधी उघडला, कशासाठी, किती माणसं होती, कधी बंद झाला. शिपाईमामांना विश्वासात घ्या, खरी माहिती त्यांच्याकडेच असते. आमच्या वहीत महिन्यातले जेमतेम सहा-सात दिवस भरले, त्यातले दोन म्हणजे परीक्षेच्या बेंचेसचा मुक्काम. ही वही संस्थाचालकांपुढे ठेवली की अर्धा वाद तिथेच संपतो.

मग चालत निघा

स्कूटर कॉलेजातच ठेवा. दोन-अडीच किलोमीटरच्या आत संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात कोण कुठे काय करतंय ते बघा. मला सापडलं ते असं: एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये कथकचा क्लास, चौदा मुली, फरशी इतकी थंड की जानेवारीत घुंगरू बांधताना बोटं वळत नव्हती. मारुती मंदिराच्या ओट्यावर महिलांचं भजनी मंडळ. ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्र्याच्या खोलीत सुगम संगीत. अंबडच्या कारखान्यात काम करणारे सहा जण, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी एकाच्या गच्चीवर तालीम करत होते आणि खालच्या मजल्यावरची मावशी रोज रात्री नऊला झाडू आपटून त्यांना गप्प करत होती.

त्यांना 'तुम्हाला कुठला कार्यक्रम करायला आवडेल?' असं विचारू नका. लोक संकोचतात, मोठं काहीतरी बोलतात. विचारा, 'तालीम कुठे करता, कितीपर्यंत चालते, अडतं कशाला?' जवळजवळ सगळ्यांनी मला एकच सांगितलं. प्रयोगाला एक दिवस हॉल भाड्याने घेता येतो, वर्गणी काढून जमवतो. तालमीच्या तीस रात्रींना जागा नाही.

इथे माझं डोकं उलटं फिरलं. तोवर मी कार्यक्रमांची यादी करत होतो: उद्घाटन, पाहुणे, दीपप्रज्वलन. कॉलेजच्या हॉलने परिसराला द्यायची खरी गोष्ट म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी उघडं सापडणारं दार. प्रयोग त्यातून आपोआप येतात.

संस्थाचालकांच्या भीतीची उत्तरं एका पानात

भीती खऱ्या असतात, त्यांना हसू नका. लग्नं लागतील, राजकीय सभा होतील, खुर्च्या मोडतील, परीक्षेच्या वेळी गोंधळ होईल, आणि वीजबिल कोण भरणार. एका पानाचं धोरण लिहा, जास्त नको. आमच्या पानावर नकारांची यादी आधी होती: लग्न, वाढदिवस, पक्षाचा कार्यक्रम, वस्तू विकण्याचे सेमिनार. वस्तीतले पुढारी फोन करतीलच. तेव्हा 'धोरणात नाही' म्हणता येणं ही फार मोठी सोय असते, कारण मग नकार तुमचा नसतो, कागदाचा असतो.

दर तीन ठेवा. परिसरातल्या हौशी गटाला तालमीसाठी नाममात्र, त्यांच्याच प्रयोगासाठी खर्चापुरता, आणि व्यावसायिक किंवा बाहेरच्या संस्थेला पूर्ण. खर्चाचा दर अंदाजाने सांगू नका. एक तासाचा हिशोब मांडा. समजा एसी 20 किलोवॅट, दिवे 5, ध्वनी 2, म्हणजे तासाला 27 युनिट. युनिटला 15 रुपये धरले तर 405 रुपये नुसती वीज. त्यात रखवालदार आणि सफाई मिळवा. तालमीला एसी बंद, निम्मेच दिवे आणि पंखे, तर तोच आकडा शंभराच्या आत येतो. हा हिशोब गटांनाही दाखवा. भजनी मंडळाच्या अध्यक्ष काकूंनी तो बघून स्वतःच सांगितलं, 'मग सर, मागची ट्यूबलाइटसुद्धा बंदच ठेवा.'

पूर्ण फुकट देऊ नका. फुकटच्या जागेला लोक न सांगता दांडी मारतात आणि दुसऱ्याचा वार वाया जातो.

हॉलची तपासणी: वीज, आवाज, दारं

कॉलेजचे हॉल बहुतेक वेळा भाषणासाठी बांधलेले असतात. नाटक किंवा नाच आला की ते उघडे पडतात.

वीज सगळ्यात आधी. जुना हॅलोजनचा पार कॅन, म्हणजे स्टेजवर टांगायचा डब्यासारखा दिवा, 1000 वॅटचा असतो. बारा लावले की 12 किलोवॅट, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण 52 अँपिअर. आणि बांधताना कंत्राटदाराने स्टेजला दिलेले असतात 16 अँपिअरचे दोन सॉकेट. आमच्याकडे एका एकांकिकेत आईच्या मरणाच्या प्रसंगाला, बरोबर त्या हुंदक्यावर, मेन ट्रिप झाली. प्रेक्षकांना वाटलं हाच शेवट, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवे आले तेव्हा मेलेली आई उठून पाणी पीत होती.

त्यावर दोन उपाय आहेत. स्टेजसाठी थ्री-फेजची वेगळी लाइन आणि स्वतंत्र डीबी (वीज वाटणारा बोर्ड) घ्या, अर्थिंग मोजून घ्या. दिवे एलईडीचे घ्या: 150 वॅटचे बारा म्हणजे 1.8 किलोवॅट, आठ अँपिअरच्या आतबाहेर. पहिल्या वर्षी पैसे एकाच गोष्टीला असतील तर ते स्पीकरला न देता इथे घाला. आणि ध्वनीची लाइन दिव्यांच्या डिमरपासून (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रापासून) वेगळी ठेवा, नाहीतर दिवा मंद केला की स्पीकरमधून भुंगा गुणगुणायला लागतो.

आवाजासाठी आधी टाळी वाजवा. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एकच जोरात, आणि तिचा नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐका. संवाद कळायला तो साधारण एका सेकंदात विरायला हवा. फरशी, गुळगुळीत गिलावा आणि सिमेंटचं छत असलेल्या हॉलमध्ये तो दोन सेकंदांच्या पुढे जातो, आणि मग शेवटच्या रांगेला प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या अंगावर पडलेला ऐकू येतो. महागडे पॅनेल लगेच नकोत. मागच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे, भरपूर चुण्या घातलेला जाड पडदा सोडा. पातळ पडदा सपाट चिकटवून उपयोग होत नाही. मग पुन्हा टाळी वाजवा, आणि या वेळी हॉलमध्ये पन्नास पोरं बसवून, कारण माणसंही आवाज शोषतात. छप्पर पत्र्याचं असेल तर त्यावरच्या पावसाच्या आवाजाला स्वस्तातला उपाय मला तरी मिळाला नाही. जुलै-ऑगस्टात तिथे नाटक ठेवू नका. तबला, ढोलकी, नाच ठेवा.

दारांच्या बाबतीत कसलीही तडजोड नको. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 1997 साली 59 माणसं गेली. तिथे जादा खुर्च्यांनी बाहेर पडायची वाट अडली होती. आपल्याकडे गर्दी झाली की कोणीतरी प्रेमाने म्हणतं, 'सर, मधे चार प्लास्टिकच्या खुर्च्या टाकू का?' नाही. मधली वाट मोकळी, आणि प्रयोग चालू असताना एकाही दाराला कुलूप नाही. अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीचा फॉर्म बी दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. हे संस्थेचं काम असलं तरी तारीख तुमच्या डायरीत असू द्या.

रॅम्प हॉलच्या दाराला असतो, स्टेजला नसतो. 1:12 उताराने तीन फूट उंच स्टेजला 36 फूट रॅम्प लागतो. सरळ बसत नाही, म्हणून विंगेमागून वळण घेऊन, मधे सपाट जागा ठेवून काढा. तो होईपर्यंत व्हीलचेअरवरच्या कलाकाराचा कार्यक्रम सगळ्यांसाठीच खाली, जमिनीवर करा. दोघा-चौघांनी खुर्ची उचलून वर नेणं बघणाऱ्याला छान वाटतं. खुर्चीतल्या माणसाला विचारून बघा.

परवानग्या आणि हक्क

इथे कॉलेजं सर्रास फसतात. गॅदरिंगला चालतं तेच लोकांसाठी तिकीट लावूनही चालेल असं वाटतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. रस्त्यावरचा माणूस आत आला की ती सूट संपली. हौशी संस्थेने बिनतिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला वेगळी सूट आहे. तरीही लेखकाला किंवा वारसांना पत्र लिहा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, मानधन थोडं घेतात, आणि एकदा तर लेखक स्वतःच पहिल्या रांगेत येऊन बसले.

लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क खुले होतात. गडकरी 1919 साली गेले, त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली. कुसुमाग्रज आपले नाशिकचे, पण 1999 साली गेले, त्यामुळे 2059 अखेरपर्यंत परवानगी हवीच. रेकॉर्ड केलेली गाणी कार्यक्रमात वाजवणार असाल तर आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांचा परवाना हा वेगळा विषय. नृत्याच्या क्लासवाल्यांना हे आधीच सांगा, कार्यक्रमाच्या दिवशी नको.

नाटकाच्या सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं संहितेला प्रमाणपत्र लागतं. नवी संहिता असेल तर दोन महिने आधी हालचाल करा. गटाकडून प्रमाणपत्राची प्रत घेतल्याशिवाय तारीख पक्की करू नका, तोंडी 'आहे सर, आहे' यावर जाऊ नका. पोलीस ठाण्यात काय लागतं ते तुमच्या हद्दीच्या ठाण्यात जाऊन एकदा विचारून, त्याची यादी भिंतीवर लावा.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला. बंदिस्त सभागृहाला त्यातून सवलत आहे, कॉलेजच्या मैदानावरच्या स्टेजला नाही. शिवाय तुमचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर दिवसाही मर्यादा 50 डेसिबल. ढोल पथकं तुमच्याकडे येतील, 'कॉलेजचं ग्राउंड मोठं आहे' म्हणून. नाशिक ढोलचा मला अभिमान आहे, पण शेजारच्या सोसायटीत बारावीची पोरं असतात. आम्ही त्यांना आठवड्यातून दोन दिवस दोनच तास दिले, आणि त्याआधी सोसायटीच्या चेअरमनना चहाला बोलावलं.

तिकिटाचं म्हणाल तर नाटक, नृत्य, संगीताच्या 500 रुपयांपर्यंतच्या प्रवेशाला जीएसटी नाही. हॉलच्या भाड्याचा प्रश्न निराळा, तो संस्थेच्या सीएला विचारा.

बॅकस्टेज विद्यार्थ्यांच्या हातात

दिवे-ध्वनीला बाहेरचा माणूस रोज परवडत नाही. आठ विद्यार्थी निवडा, कलाकार नकोत. स्टेजवर जायची हौस असलेला पोरगा लाइटच्या बोर्डावर बसला की त्याचा जीव स्टेजवरच असतो. आमचे सर्वांत चांगले दोन लाइटवाले स्टॅटिस्टिक्सचे आणि कॉमर्सचे होते. नवीन अभ्यासक्रमात सामाजिक सहभागाचं किंवा सहशालेय काम क्रेडिटमध्ये धरता येतं. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तास. तेवढे तास वहीत नोंदवून सही घ्या.

शिकवायचं काय? केबल गुंडाळणं. हसू नका. कोपराभोवती पिळून गुंडाळलेली माइकची केबल सहा महिन्यांत आतून तुटते आणि भर मैफलीत खरखर सुरू होते. सैल वेटोळं, एक सुलटं एक उलटं, टोकाला सुतळी. हे ज्याला जमलं त्याच्याच हातात पुढे मिक्सर द्यायचा. त्यानंतर क्यू-शीट: कोणत्या वाक्यावर कोणता दिवा, कोण बटण दाबणार. आणि शिडीवर चढताना खाली धरणारा माणूस ठेवल्याशिवाय चढायचं नाही, हा एकच नियम मोडला तर टीममधून बाहेर.

तारखा

वार कायम ठेवा. आमचा महिन्यातला पहिला शनिवार प्रयोगाचा, आणि सोमवार ते गुरुवार साडेसहा ते साडेनऊ तालमीचे. दोन वर्षांनी लोक जाहिरात न वाचता यायला लागले. विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक आलं की त्या तारखा आधी खोडून टाका. मग नाशिकचं पंचांग बघा: नवरात्रात कालिकेची यात्रा, रंगपंचमीला रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), कामदा एकादशीला रथ, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला. त्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये कोणी येणार नाही, आणि येऊही नये. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. तेव्हा रस्ते आणि पोलीस दोन्ही तुमच्यासाठी मोकळे नसतील.

कारखान्यातल्या माणसांना सुट्टीचा वार विचारा, सगळ्यांचा रविवार नसतो. दुसऱ्या शिफ्टला जाणारा माणूस संध्याकाळचा एकही प्रयोग बघत नाही. त्याच्यासाठी वर्षातून दोनदा सकाळी अकराचा प्रयोग ठेवून पाहा. आम्हाला तिथे जे प्रेक्षक मिळाले ते नाटक बघायला पहिल्यांदाच आले होते, आणि नको तिथेही दाद देत होते. फार मजा आली. संध्याकाळचा प्रयोग साडेसहाला सुरू करा आणि नऊच्या आत संपवा. सिटीलिंकची शेवटची बस कधी सुटते ते आधी बघून ठेवा, कारण बायका ते बघूनच 'येऊ का नको' ठरवतात.

एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगतो. पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या सोंगांची, मंडळी बोलावली. मुखवटे घेऊन टेम्पोतून आली. आम्ही त्यांना चाळीस मिनिटं दिली, लाल पडद्यापुढे, वरून रंगीत दिवे. गावात रात्रभर, मशालीच्या उजेडात, माणसांच्या रिंगणात चालणारं सोंग ते. स्टेजवर मुखवटा घातलेल्या माणसाला कडा दिसेना, तो पाय चाचपत नाचत होता. पुढच्या वर्षी ग्राउंडवर, मातीत, लोकांना गोल बसवून केलं. वेळ त्यांनीच ठरवली. मानधन, जेवण, टेम्पोचं भाडं आधी हातात दिलं. 'प्रमाणपत्र आणि शाल' यावर कोणाची बोळवण करू नका. शालीने डिझेल येत नाही.

प्रयोगाचा दिवस

गटाला दुपारी दोनला हॉल द्या. चारपर्यंत नेपथ्य, मग दिवे, पाचला साउंड चेक, सहाला दार. स्टेजच्या फळीवर खिळा ठोकायचा नाही, फ्लॅटला (नेपथ्याच्या उभ्या चौकटीला) मागून ब्रेस, म्हणजे तिरका टेकू, लावून वजन ठेवायचं. संस्थेच्या पाहुण्यांसाठी पहिली रांग राखू नका. दोन खुर्च्या पुरतात. राखीव रांग रिकामी राहिली की कलाकाराला समोर काळोखी भगदाड दिसतं. तिसरी घंटा साडेसहाला म्हणजे साडेसहालाच. पहिल्या तीन महिन्यांत लोक उशिरा येतील, कुरकुर करतील. एकदा तर आमचे उपप्राचार्यच बाहेर अडकले. पुढच्या महिन्यात सव्वासहाला हजर होते.

बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी आणि दिवा आहे का, हे सहा वाजता कोणीतरी स्वतः आत जाऊन बघायचं. आमच्या टीममध्ये हे काम नावानिशी लिहिलेलं असायचं. मध्यंतराचा चहा भजनी मंडळाने किंवा बचतगटाने विकावा, पैसे त्यांचे.

प्रयोग संपल्यावर हॉल त्याच रात्री रिकामा करून घ्या. सकाळी सात-वीसला पहिलं लेक्चर असतं, आणि विंगेत पडलेला एक पुठ्ठ्याचा तुळशीकट्टा बघून कोणातरी प्राध्यापकाचा पारा चढतो. तक्रार मग हॉलची होत नाही, उपक्रमाची होते. झाडून झालं की वहीत मोडतोड, वीजमीटरचं रीडिंग, किल्ली परत घेतल्याची वेळ आणि दोन सह्या.

किल्ल्या तीनच ठेवा: एक ऑफिसात, एक रखवालदाराकडे, एक त्या महिन्याच्या विद्यार्थी प्रमुखाकडे, पावतीवर. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कुलूप बदला.